दोरीवर मान टेकवून डोकेदुखी घालवणारा मुलगा : कोण होते अँड्र्यू टेलर स्टिल?

आटगाव ते मुंबईचं सीएसएमटी हे अंतर सुमारे ९५ किलोमीटर. कसारा लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना संध्याकाळची डोकेदुखी काही नवी नाही. आटगावच्या कारखान्यांत दिवसभर मान खाली घालून काम करणारे असोत, की उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बायका असोत, वर्णन साधारण सारखंच ऐकू येतं. डोक्याला कुणी घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं होतं. मानेचा मागचा भाग जड पडतो.

उपायही ठरलेले असतात. कुणी डोक्याला फडकं बांधतं, कुणी कपाळाला सुंठ उगाळून लावतं, कुणी बाम चोळतं. कुणी सलूनमध्ये चंपी करून घेतं. नाहीच थांबलं, तर मेडिकलमधून गोळी. आता यात आणखी एक पर्याय आला आहे, तो म्हणजे फिजिओथेरपिस्ट. ते रुग्णाला उताणं झोपवतात, कवटी संपून मान सुरू होते तिथे दोन्ही हातांची बोटं ठेवतात आणि डोक्याचा भार त्या बोटांवर येऊ देतात. काही मिनिटं तसंच धरून ठेवतात. याला मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने केलेला उपचार म्हणतात.

जवळपास हीच गोष्ट साधारण १८३८ साली अमेरिकेतल्या एका दहा वर्षांच्या मुलाने स्वतःवर करून पाहिली होती. त्याच्याकडे फिजिओथेरपिस्ट नव्हता, एक दोर होता. त्या मुलाचं नाव अँड्र्यू टेलर स्टिल. पुढे त्याने ऑस्टिओपॅथी नावाची उपचारपद्धती सुरू केली. आजच्या मॅन्युअल थेरपीचा एक मोठा धागा तिथपर्यंत जातो. पण स्टिल यांची गोष्ट नुसत्या यशाची नाही. त्यांच्या हाताला जे सापडलं ते बऱ्याच अंशी खरं होतं. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो मात्र फार पुढे गेला.

धर्मोपदेशकाचा मुलगा

अँड्र्यूचा जन्म ६ ऑगस्ट १८२८ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या ली काउंटीत, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. नऊ भावंडांत तो तिसरा. वडील एब्रम स्टिल मेथडिस्ट पंथाचे फिरते धर्मोपदेशक होते. घोड्यावर बसून वस्त्यावस्त्यांवर जायचं, प्रवचन द्यायचं आणि सोबत औषधपाणीही करायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्या काळात अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या भागात धर्मोपदेशक आणि डॉक्टर ही दोन्ही कामं एकाच माणसाने करणं नवलाचं नव्हतं.

चर्च जिथे पाठवेल तिथे कुटुंब जात असे. आधी टेनेसी, मग १८३७ मध्ये मिझुरी. तिथे नव्याने वसवल्या जाणाऱ्या जमिनी होत्या, जंगल होतं आणि शाळा तुटपुंज्या होत्या. अँड्र्यूचं बरंचसं शिक्षण शेतात आणि रानात झालं. शिकार केलेल्या जनावरांची कातडी सोलताना त्याला हाडं, स्नायू, शिरा जवळून पाहायला मिळाल्या. शरीर आतून कसं जोडलेलं असतं याची पहिली ओळख त्याला अशी झाली.

नांगराचा दोर आणि वीतभर उंची

लहानपणी अँड्र्यूला वरचेवर डोकेदुखी व्हायची. एके दिवशी डोकं ठणकत असताना त्याने वडिलांच्या नांगराच्या घोड्याचा दोर घेतला आणि दोन झाडांच्या मध्ये झोका बांधला. बसून झोके घेण्याइतकी ताकदही नव्हती. म्हणून त्याने दोर खाली घेतला. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. दोर टोचू नये म्हणून त्यावर घोंगडीचं टोक टाकलं, जमिनीवर उताणा पडला आणि मान त्या दोरावर टेकवली. दोर उशीसारखा झाला. थोड्या वेळाने त्याला झोप लागली. उठला तेव्हा डोकेदुखी गेलेली होती.

तेव्हा त्याने यावर फार विचार केला नाही. पण डोकं दुखू लागलं की दोराकडे जायचं, ही सवय पुढे सुमारे २० वर्षं टिकली. शरीराची रचना शिकल्यावर त्यांनी याचा अर्थ लावला. त्यांच्या मते, मानेच्या मागून डोक्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दोराचा दाब पडला, त्यामुळे त्यांचं काम शांत झालं आणि रक्ताचा प्रवाह सुरळीत झाला. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण सविस्तर लिहिली आहे. आपल्या पद्धतीचा पहिला धडा म्हणून ते याच दोराकडे बोट दाखवत.

तेव्हाच्या औषधांचा अनुभव मात्र वेगळा होता. कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं एक संयुग, हे त्या काळातलं हुकमी औषध. ताप असो की पोटाची तक्रार, कॅलोमेल दिलं जायचं. तोंडातून लाळ गळू लागली की औषध लागू पडलं असं मानत. प्रत्यक्षात ते पाऱ्याच्या विषबाधेचं लक्षण होतं. किशोरवयात अँड्र्यूलाही ते देण्यात आलं आणि त्याचे दात हलू लागले. म्हातारपणी कवळी वापरावी लागली तेव्हाही त्यांनी त्याचा दोष त्या औषधाला दिला.

कॅन्सस, गुलामगिरी आणि वैद्यकी

१८४९ मध्ये स्टिल यांचं मेरी मार्गारेट व्हॉन हिच्याशी लग्न झालं. एब्रम स्टिल गुलामगिरीच्या विरोधात होते आणि मिझुरीत त्या मतामुळे त्यांना त्रास होऊ लागला होता. चर्चने त्यांना कॅन्ससमध्ये शॉनी या मूलनिवासी जमातीच्या वस्तीवर पाठवलं. १८५३ मध्ये अँड्र्यू आणि मेरीही तिथे पोहोचले. मेरीने शॉनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. अँड्र्यू शेती करत वडिलांबरोबर रुग्ण पाहू लागले. वैद्यकी ते अशी वडिलांच्या हाताखाली शिकले. त्या काळात बहुतेक अमेरिकी डॉक्टर असेच तयार होत.

याच काळात त्यांनी शॉनी लोकांच्या कबरी उकरून सांगाडे अभ्यासासाठी बाहेर काढले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. एक एक हाड हातात घेऊन, डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने ओळखता येईपर्यंत त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या हातांचं कौशल्य या अभ्यासातून आलं. पण ज्या लोकांची सेवा करायला हे कुटुंब आलं होतं, त्यांच्याच मृतांची विटंबना करून ते आलं, हेही तितकंच खरं आहे. मेलेल्यांच्या नातेवाइकांना कुणी विचारलं नव्हतं.

कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून तेव्हा रक्तपात चालू होता. स्टिल गुलामगिरीविरोधी गटात उघडपणे उतरले आणि १८५७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. बाल्डविन शहरात बेकर विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा त्यासाठी जमीन देणाऱ्यांत स्टिल कुटुंब होतं. १८५९ मध्ये मेरीचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्यांनी मेरी एल्व्हिरा टर्नर हिच्याशी लग्न केलं. यादवी युद्ध सुरू झाल्यावर ते उत्तरेच्या बाजूने लढायला गेले.

१८६४ चा फेब्रुवारी

स्टिल यांच्या आयुष्याचे दोन भाग पाडायचे तर रेघ इथे मारावी लागेल. फेब्रुवारी १८६४ मध्ये त्यांच्या भागात मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची साथ आली. घरातली तीन मुलं आजारी पडली, त्यांतलं एक दत्तक घेतलेलं होतं. स्टिल स्वतः डॉक्टर. तरी त्यांनी इतर डॉक्टरांना बोलावलं. त्या काळात जे देता येत होतं ते सगळं दिलं गेलं. तिन्ही मुलं गेली. काही आठवड्यांतच आणखी एक तान्हं मूल न्यूमोनियाने गेलं.

त्यांनी डॉक्टरांवर हलगर्जीपणाचा आरोप केला नाही. सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केले, हे ते मान्य करत. त्यामुळेच त्यांच्यापुढचा प्रश्न आणखी टोकदार झाला. प्रामाणिक डॉक्टर, योग्य वेळी दिलेली औषधं, आणि तरीही तीन मृतदेह. मग चूक माणसांची नसून औषधशास्त्राचीच असली पाहिजे, असं त्यांना वाटू लागलं. युद्धानंतर त्यांनी मॉर्फिन आणि दारूच्या आहारी गेलेले लोक पाहिले. वेदनेवर दिलेलं औषधच व्यसन होऊन बसलेलं होतं. त्यांचा संशय पक्का होत गेला.

पुढची दहा वर्षं ते शेती, यंत्रं आणि शरीररचनेचा अभ्यास यांत बुडाले. यंत्रांची त्यांना उपजत आवड होती. शरीर हेही देवाने बनवलेलं निर्दोष यंत्र आहे, अशी त्यांची धारणा होती. यंत्र बिघडलं तर आपण त्यात औषध ओतत नाही, कुठला भाग जागचा हलला आहे ते पाहतो. शरीराचंही तसंच असणार, हा त्यांचा तर्क होता.

२२ जून १८७४

स्टिल यांनी आपल्या विचाराचा जन्मदिवस नेमका नोंदवून ठेवला आहे. २२ जून १८७४, सकाळी दहा वाजता. औषधं सोडून देऊन हाताने शरीराची रचना ठीक करायची, असं त्या दिवशी त्यांनी ठरवलं.

लगेच दारं बंद होऊ लागली. ज्या बेकर विद्यापीठाला कुटुंबाने जमीन दिली होती, तिथे त्यांना आपले विचार मांडू दिले गेले नाहीत. नुसत्या हाताने बरं करणं हे काम ख्रिस्ताचं, माणसाने तसा दावा करणं पाप, अशी चर्चमधल्या अनेकांची भावना होती. त्यांच्यासाठी सामूहिक प्रार्थना झाल्या, त्याही त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून. ते कॅन्सस सोडून मिझुरीतल्या मॅकनला गेले. तिथेही टिकले नाहीत. १८७५ मध्ये ते कर्क्सव्हिल या लहानशा गावात आले आणि अखेर तिथे स्थिरावले.

पहिली बारा-पंधरा वर्षं हलाखीची होती. पँटचे पाय बुटांत खोचलेले, दाढी वाढलेली आणि खांद्यावरच्या पिशवीत हाडं, अशा वेषात ते गावोगाव फिरत. लोक त्यांना वेडा म्हणत. सुरुवातीला त्यांनी चुंबकीय उपचारक अशी जाहिरातही केली, कारण लोकांना समजेल असा दुसरा शब्दच नव्हता. पुढे हाडं बसवणारा म्हणून त्यांचं नाव झालं. आपल्याकडेही गावात हाड बसवणारा असतो, त्याचं ज्ञान बापाकडून मुलाकडे जातं. युरोप-अमेरिकेतही अशी घराणी होती. स्टिल यांचं वेगळेपण असं की त्यांनी या कौशल्याला शरीररचनेच्या अभ्यासाची जोड दिली आणि ते घराण्याबाहेर नेलं.

त्यांची पद्धत साधारण अशी. आधी बोटांनी पाठीचा कणा, मान, बरगड्या तपासायच्या. कुठे स्नायू ताठ आहे, कुठे दुखतं, कुठला सांधा कमी हलतो ते शोधायचं. मग हळूहळू ताणून, दाबून किंवा झटका देऊन तिथली हालचाल मोकळी करायची. पाठ, मान, खांदा, डोकेदुखी यांचे रुग्ण येऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आराम पडू लागला. आपल्या पद्धतीला त्यांनी ऑस्टिओपॅथी हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ऑस्टिऑन म्हणजे हाड.

रुग्णांनी भरलेल्या रेल्वेगाड्या

१८९० च्या दशकात चित्र पालटलं. १८९२ मध्ये त्यांनी कर्क्सव्हिलला अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी सुरू केलं. दोन खोल्यांची लाकडी इमारत आणि वीसेक विद्यार्थी. त्यांत त्यांची स्वतःची मुलं होती आणि स्त्रियाही होत्या. बहुतेक वैद्यकीय शाळा स्त्रियांना उभं करत नसताना इथे पहिल्या वर्गापासून त्यांना प्रवेश मिळाला. शरीररचना शिकवायला विल्यम स्मिथ हे एडिंबरोत शिकलेले डॉक्टर आले. कायद्याने एमडी ही पदवी देण्याची मुभा होती. स्टिल यांनी ती नाकारली आणि डीओ ही वेगळी पदवी ठेवली.

१८९५ मध्ये मोठं रुग्णालय उभं राहिलं. लांबलांबून रुग्ण रेल्वेने येऊ लागले. हॉटेलं आणि खाणावळी निघाल्या. ज्या गावाने वेडा म्हणून हिणवलं, त्या गावाचं अर्थकारण त्यांच्याभोवती फिरू लागलं. डॉक्टरांच्या संघटनांनी मात्र कायद्याची लढाई लढवली. १८९६ मध्ये व्हर्माँट राज्याने ऑस्टिओपॅथीला सर्वांत आधी मान्यता दिली. मिझुरीच्या राज्यपालांनी १८९५ मध्ये असं विधेयक अडवलं होतं, पण १८९७ मध्ये तिथेही कायदा झाला.

हात बरोबर, सिद्धांत चुकीचा

रुग्णांची ही गर्दी कशामुळे झाली? एक कारण तर तेव्हाच्या औषधांतच आहे. पारा, जुलाब, अफू आणि रक्त काढणं यांच्या तुलनेत औषध न देणारा डॉक्टर निदान अपाय तरी करत नव्हता. आजार आपोआप बरा होण्यासारखा असेल तर स्टिल यांचा रुग्ण कॅलोमेल घेतलेल्या रुग्णापेक्षा सुखात राहायचा. दुसरं, स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यात त्यांच्या हातांचा खरोखर उपयोग होत होता.

पण स्टिल तिथे थांबले नाहीत. जवळपास सगळ्याच आजारांचं मूळ हाडं आणि सांधे जागचे हलण्यात आहे, त्यामुळे रक्त आणि मज्जातंतूंना अडथळा होतो आणि तो दूर केला की शरीर स्वतःला बरं करतं, असा त्यांचा सिद्धांत होता. घटसर्प, न्यूमोनिया, हगवण, ताप हे सगळं त्यांनी त्यात बसवलं. देवीच्या लसीकरणालाही त्यांचा विरोध होता. हे सगळं चालू असताना युरोपात पाश्चर आणि कॉख जंतूंमुळे रोग होतात हे दाखवून देत होते. कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला. घटसर्पावरचं प्रतिविष १८९० च्या दशकात वापरात आलं. म्हणजे स्टिल औषधांना पूर्णविराम देत होते, नेमक्या त्याच काळात खरी उपयोगी औषधं जन्माला येत होती.

यात मोठा विरोधाभास आहे. स्टिल यांची मुलं ज्या मेंदूज्वराने गेली, त्याचा एक मोठा प्रकार जिवाणूंमुळे होतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सल्फा औषधांनी आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिनने अशा मुलांना वाचवायला सुरुवात केली. १८६४ मधली औषधं निरुपयोगी होती, हे त्यांचं निरीक्षण अचूक होतं. म्हणून औषधच नको, हा निष्कर्ष मात्र त्यांच्या दुःखातून आला होता.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावर गाजलेला अहवाल लिहिला. त्यांनी ऑस्टिओपॅथीच्या आठ शाळाही पाहिल्या आणि त्यांच्यावर कडक टीका केली. १२ डिसेंबर १९१७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, स्टिल यांचं कर्क्सव्हिलमध्ये निधन झालं. त्यांच्यानंतर शाळांनी हळूहळू औषधशास्त्र आणि शस्त्रक्रिया पूर्णपणे स्वीकारली. आज अमेरिकेत डीओ पदवी घेतलेला माणूस एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो. म्हणजे स्टिल यांची संस्था टिकली, ती त्यांचा सर्वांत लाडका आग्रह सोडून.

दोरापासून फिजिओथेरपिस्टच्या बोटांपर्यंत

फिजिओथेरपी ऑस्टिओपॅथीतून जन्मलेली नाही. तिचा एक उगम स्वीडनमध्ये आहे. पेअर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायाम आणि मसाज यांची शाळा काढली होती. इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संघटना स्थापन केली, तीच पुढे फिजिओथेरपिस्टची संघटना झाली.

दोन्ही प्रवाह लंडनमध्ये एकमेकांजवळ आले. कर्क्सव्हिलला शिकलेले जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये तिथे ऑस्टिओपॅथीची शाळा सुरू केली. त्याच शहरातल्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स मेनेल आणि नंतर जेम्स सिरिॲक्स या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टना सांधे हाताळण्याचं तंत्र शिकवलं. सिरिॲक्स ऑस्टिओपॅथीच्या सिद्धांताचे कडवे टीकाकार होते, पण हाताने उपचार करायला त्यांचा विरोध नव्हता. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न आणि ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड या फिजिओथेरपिस्टनी अनेक ठिकाणांहून तंत्रं घेतली, सिद्धांताचा पसारा बाजूला ठेवला आणि रुग्णाला तपासून, उपचार करून, पुन्हा तपासण्याची शिस्त घालून दिली. १९७४ मध्ये मॅन्युअल थेरपी करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

भारतात या व्यवसायाची सुरुवात मुंबईत झाली. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. तेव्हा गरज पोलिओ झालेल्या मुलांची होती. मान, पाठ आणि डोकेदुखीचे रुग्ण नंतर वाढत गेले.

पट्टा आवळल्यासारख्या डोकेदुखीत हात काय करतो?

सुरुवातीला वर्णन केलेल्या डोकेदुखीला वैद्यकात टेन्शन टाइप हेडेक म्हणतात. ती सहसा डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते, दाबल्यासारखी किंवा आवळल्यासारखी असते, तीव्रता हलकी ते मध्यम असते. चालण्या-फिरण्याने ती वाढत नाही, उलट्या होत नाहीत. एक झटका अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस आणि तीन महिन्यांहून जास्त काळ ती होत असेल तर तिला जुनाट मानतात. अर्धशिशी वेगळी. ती बहुधा ठसठसते, हालचालीने वाढते आणि तिच्यासोबत मळमळ होते.

मान आणि डोकं यांचा संबंध स्टिल यांना वाटला तसा हाड सरकण्याचा नाही. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणारे संदेश आणि चेहरा-कपाळाकडून येणारे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे मानेच्या मागच्या स्नायूंतून आलेली वेदना कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकते. या डोकेदुखीत डोक्याभोवतीचे आणि मानेचे स्नायू दाबल्यावर दुखरे लागतात. ती वारंवार होऊ लागली की मेंदूची वेदना जाणवण्याची पातळीच खाली येते, साधा दाबही दुखू लागतो.

फिजिओथेरपिस्टचा हात स्नायूंचा ताठरपणा आणि दुखरेपणा काही काळ कमी करतो, मज्जासंस्थेला शांत करणारे संदेश देतो. शांत पडून राहणं आणि कुणीतरी लक्ष देऊन तपासणं यांचाही त्यात वाटा असतो. वीतभर उंचीच्या दोरावर मान टेकवून झोपलेल्या मुलाच्या बाबतीतही यातलंच काहीसं झालं असावं. आजवरच्या चाचण्यांतून दिसणारा फायदा बेताचा आणि बराचसा अल्पकाळाचा आहे. शिवाय हाताच्या उपचाराची खोटी नक्कल करून तुलना करणं अवघड असतं, त्यामुळे पुरावा गोळ्यांच्या चाचण्यांइतका ठाम नाही. म्हणूनच चांगला फिजिओथेरपिस्ट नुसतं दाबून पाठवत नाही. मान आणि खांद्यांचे व्यायाम, बसण्याची पद्धत, झोप आणि ताण यांवरही काम करायला सांगतो.

गोळीचा हिशोबही ठेवावा लागतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायम राहू शकते. वेदनेवरचं औषध हेच दुखणं होऊन बसतं, ही स्टिल यांची शंका निदान इथे खरी ठरते.

हात कधी लावू नये?

सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान कडकन मोडण्याची पद्धत आहे. ती टाळावी. मानेला अचानक झटका बसला तर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या आतल्या थराला इजा होऊ शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. उपचार घ्यायचे असतील तर राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. महाराष्ट्रात अशी परिषद आहे.

काही डोकेदुखीत आधी डॉक्टरच गाठायला हवा. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र, क्षणात सुरू झालेली डोकेदुखी. डोक्याला मार लागल्यानंतरची. हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा नजर अधू होणं यांसोबतची. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली.

आणि ताप असताना मान ताठ होऊन होणारी डोकेदुखी. हे मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं. फेब्रुवारी १८६४ मध्ये स्टिल यांच्या घरात आलेला आजार तोच होता. तेव्हा त्यावर ना औषध होतं ना हाताचा उपाय. आज औषध आहे, पण ते तासाभराचाही उशीर न करता मिळावं लागतं. अशा वेळी मान चोळत बसू नये, रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावं.